शिवांजलीचं चुकलेलं उत्तर

मुरूमच्या बाजारात विरेश कलशेट्टीचं बी-बियाण्याचं दुकान आहे. दुकानाच्या मागं घर, आणि दोन्हींच्या मधल्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर. त्याच्यासमोर एक लाकडी स्टूल. खुर्ची आणून बघितली होती, पण विरेशची बायको शिवांजली खुर्चीत टिकत नाही. दोन ओळी टाइप करायच्या, उठायचं, दुकानात डोकवायचं, गॅसवरचं दूध बघायचं, मग परत येऊन तिसरी ओळ. तिच्या सासूबाई नागम्मा आल्यागेल्याला सांगायच्या, आमच्या सुनेच्या पायाला भिंगरी हाय, झोपली तरी पाय हालत्यात.

शिवांजलीचं माहेर नळदुर्गचं. उमरग्याला गणित घेऊन बी.एस्सी. केलं, लग्न होऊन मुरूमला आली आणि गावातल्या एका ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसात लागली. प्रवेशाचे अर्ज, दाखले, निकालपत्रकं. एकाच मुलाचं नाव वर्षात चार ठिकाणी चार वेळा लिहावं लागायचं, आणि चौथ्यांदा लिहिताना तिचा जीव गुदमरायचा. म्हणून ती प्रोग्रॅम लिहायला शिकली. शिकवणारं कुणी नव्हतं. पुस्तक उमरग्यातून आणलं होतं, त्यातलं अर्धं कळलं, अर्धं तिनं चुकत चुकत केलं.

सहा वर्षांपूर्वी तिचा पहिला प्रोग्रॅम तयार झाला तेव्हा अकरावीच्या ब्याऐंशी मुलांच्या नावांच्या जागी पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं उमटली. मराठी अक्षर म्हणून एक दिसेना. आठ दिवस ती त्याच्याशी झगडली आणि शेवटी जिथं जगभरचे प्रोग्रॅमवाले एकमेकांना प्रश्न विचारतात अशा एका फोरमवर मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिनं लिहिलं की साहेब, माझी सगळी नावं प्रश्नचिन्हं झाली आहेत, तातडीनं मदत करा.

दहा मिनिटांत तीन जणांनी प्रश्न नापसंत केला. फर्नहिल नावानं लिहिणाऱ्या एका जुन्या सभासदानं खाली तीन कोरडे प्रश्न टाकले: कोणता डेटाबेस, काय करून बघितलं, नेमकी चूक काय येते. आणि प्रश्न बंद करून टाकला. भर वर्गात उभं करून हातावर छडी मारावी तसं तिला झालं. चार दिवस तिनं ते पान उघडलं नाही. पाचव्या दिवशी राहवेना म्हणून उघडलं, तर कुणीतरी अनोळखी माणसानं तिचं इंग्रजी गुपचूप दुरुस्त करून ठेवलेलं. अर्थ तिचाच, वाक्यं तेवढी सरळ केलेली. ते वाचताना तिला पहिल्यांदा कळलं की आपल्याला विचारायचं काय होतं. तिनं त्या तीन प्रश्नांची उत्तरं लिहिली. फर्नहिलनं प्रश्न पुन्हा उघडला आणि दोन ओळींचं उत्तर दिलं. त्या दोन ओळी प्रोग्रॅममध्ये घातल्यावर ब्याऐंशी नावं पडद्यावर आली.

त्यानंतर तीही उत्तरं द्यायला लागली. नवख्यांचे, घाईत लिहिलेले, इतरांनी बाजूला सारलेले प्रश्न ती हुडकून काढायची. कुणाचा प्रश्न तसाच पडलेला दिसला की चूल पेटती ठेवून घराबाहेर आल्यासारखं तिला वाटायचं. जेवताना उठायची, पाहुणे बसलेले असताना उठायची. विरेश एकदा म्हणालाही होता की ही माणसं तुझी कोण लागतात. सहा वर्षांत तिची हजारावर उत्तरं झाली होती आणि त्यातलं एकही अंगाशी आलं नव्हतं.

गेल्या सप्टेंबरातल्या एका सोमवारी संध्याकाळी सिस्टर_के या नावानं एक प्रश्न आला. माझ्याकडं मुलांची यादी आहे, दोघीजणी नोंदी करतात त्यामुळं काही मुलं दोनदा लिहिली गेली आहेत, दुबार नोंदी कशा काढायच्या. बस इतकंच. दुसऱ्या एका सभासदानं विचारलं होतं की यादीत कोणकोणते रकाने आहेत ते सांगा. सिस्टर_केचं उत्तर अजून यायचं होतं. शिवांजलीनं ते वाचलं आणि तिला वाट बघवेना. दुकानातून विरेश हाक मारत होता, रात्रीच्या आत नागम्मांचे दवाखान्याचे कागद शोधायचे होते, कारण दुसऱ्या दिवशी त्यांना डोळे तपासायला तुळजापूरला न्यायचं होतं. तिनं अकरा मिनिटांत उत्तर लिहिलं: नाव आणि गाव सारखं असेल तर पहिली नोंद ठेवायची, बाकीच्या काढून टाकायच्या. कॉम्प्युटरला दिलेल्या एकाच हुकमात काम. आपल्या कॉलेजच्या यादीवर तिनं ते चालवूनही बघितलं. बरोबर चाललं. तिनं उत्तर पाठवलं आणि हाकेला ओ देऊन उठली.

मंगळवार देवीचा वार. तुळजापूरच्या गाडीत हमरस्त्यावरच्या मुरूम मोडापासूनच उभं राहायला जागा नव्हती. नागम्मांना कशीबशी खिडकीशी बसवून शिवांजली नळदुर्गपर्यंत दांडीला धरून उभी राहिली. एका धर्मादाय संस्थेच्या दवाखान्यात मंगळवारी डोळ्यांची तपासणी असते. तिथं पोचायला दहा वाजले. बाकं भरलेली, म्हातारी माणसं ओळीनं भिंतीला टेकून बसलेली.

पावणेअकराच्या सुमाराला नर्सनं हाक दिली, "नागम्मा, मुरूम."

नागम्मा उठल्या. आणि पलीकडच्या बाकावरून दुसरी एक म्हातारी उठली. दोघी एकमेकींकडं बघायला लागल्या. नर्सनं कागद बघून नवऱ्याचं नाव विचारलं. दोघींनी आधी संकोचून मान खाली घातली आणि मग एकापाठोपाठ एक सांगितलं, बसप्पा. बाकांवर हशा पिकला. नर्स वैतागली, म्हणाली की आता गल्ली सांगा. एक निघाली बाजारातली, दुसरी तळ्याकडची. कागद दोन होते. एक दुसऱ्याखाली चिकटून गेला होता आणि नर्सला वाटलं होतं की एकच बाई दोनदा लिहिली गेली.

सगळे हसत होते तेव्हा शिवांजलीला आपलं कालचं उत्तर आठवलं.

कॉलेजच्या यादीत मुलाचं नाव, बापाचं नाव, आडनाव असं सगळं सलग लिहिलेलं असतं. तिथं दोन नावं सारखी येतच नाहीत. म्हणून ते उत्तर तिथं बरोबर ठरलं. पण ज्या यादीत नुसतं नाव आणि गाव असेल, तिथं एका नावाची दोन वेगळी मुलं असली तर तिचा हुकूम दुसऱ्या मुलाला पुसून टाकणार होता. मुकाट्यानं. चूक झाल्याचं पडद्यावर काही येणारही नव्हतं.

तिनं मोबाइल काढला. फोरमचं पान उघडलं, उत्तर दिसलं, खाली अजून कुणाची काही प्रतिक्रिया नव्हती. पण उत्तर बदलायला आपल्या खात्यात शिरावं लागतं, आणि खात्याचा पासवर्ड घरच्या कॉम्प्युटरमध्ये. नवा मागावा तर ईमेल उघडायला लागतो, आणि ईमेल उघडायचा आकडा येणार विरेशच्या नंबरवर. तिनं विरेशला फोन लावला. लागला नाही. परत लावला. मंगळवारी तो सकाळी रानात जातो आणि त्यांच्या रानात रेंज नाही, हे माहीत असूनही ती लावत राहिली.

तोवर नागम्मांच्या डोळ्यांत थेंब घातले होते. डोळे मिटून बसायचं, मधूनमधून परत थेंब. नागम्मांनी सुनेचा पदर मुठीत धरून ठेवला होता. शिवांजली उठायला गेली की मूठ घट्ट व्हायची.

"एनातु गं?" नागम्मांनी विचारलं. घाबरल्या की त्यांच्या तोंडी कानडी यायचं. काय झालं गं.

"काही न्हाय, अव्वा. एका बाईला चुकीचं सांगितलंय म्या."

"मग बरोबर सांग की."

शिवांजलीनं परत फोन लावला.

विरेशचा उलटा फोन आला तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. रेंजच न्हवती गं, म्हणाला, आणि आकडा वाचून दाखवला. ती खात्यात शिरली. आता तिच्या उत्तराशेजारी बरोबर असल्याची हिरवी खूण होती. चार जणांनी ते पसंत केलं होतं. आणि खाली सिस्टर_केनं लिहिलं होतं: चालवलं, सहाशे चाळीसच्या पाचशे बारा नोंदी झाल्या, यादी स्वच्छ झाली, खूप आभार. वेळ अकरा वाजून पाच मिनिटं.

पावणेअकरा ते अकरा पाच. वीस मिनिटं. तिनं ती मनात परत परत मोजली.

मग तिनं लिहिलं की माझं उत्तर चुकलं आहे, यादीत आता एकही नवी नोंद करू नका, काही बदलू नका, मला फोन करा. आणि स्वतःचा नंबर टाकला. फोरमवर असा नंबर टाकत नाहीत. आणि सहा वर्षांत दुसऱ्यांदा तिनं स्वतःचा प्रश्न विचारला. या वेळी वाक्यं कुणाला दुरुस्त करावी लागली नाहीत. मी चुकीचं उत्तर दिलं, एका माणसानं ते वापरलं, एकशे अठ्ठावीस नोंदी गेल्या, त्यातल्या बऱ्याच खऱ्या माणसांच्या असाव्यात, त्या परत कशा आणायच्या.

पहिला प्रतिसाद फर्नहिलचा आला. डेटाबेस कोणता, शेवटची प्रत कधी काढली, पुसल्यानंतर काही लिहिलं का. तेच कोरडे तीन प्रश्न. दवाखान्याच्या बाकावर ते वाचताना तिला वाटलं, कुणीतरी हाताला धरून उभं केलं.

फोन आला तो परतीच्या गाडीत. बाई हिंदीत बोलत होती. नाव केसरी नेगी, हिमाचलातल्या एका डोंगरी आरोग्य उपकेंद्रात नर्स. यादी लहान मुलांच्या लसींची होती. शिवांजलीनं विचारलं की यादीत आईबापांची नावं आहेत का. केसरी म्हणाली, आईचं आहे, वेगळ्या रकान्यात. मुलाचं नाव आणि आडनाव एका रकान्यात, गाव दुसऱ्यात. आणि आमच्या खोऱ्यात आडनाव सगळ्यांचंच नेगी. मुलींमध्ये हल्ली दर तिसरी अंशिका.

शिवांजलीनं तिला सांगितलं काय झालं ते.

"उद्या लसीचा दिवस आहे," केसरी म्हणाली. "मी याच यादीवरून बायकांना बोलावते. जिचं मूल यादीत नाही, तिला निरोप जाणार नाही. ती येणार नाही."

एवढं बोलेपर्यंत नळदुर्गच्या पुढं रेंज गेली.

जळकोटपर्यंत शिवांजली मोबाइल खिडकीबाहेर धरून होती. कंडक्टरनं हात आत घ्यायला सांगितलं. येणेगूरला एक मिनिट रेंज आली, तेवढ्यात केसरीनं फोरमवर डेटाबेसचं नाव कळवलेलं दिसलं आणि फर्नहिलचा पुढचा मजकूर उतरला, तो तिनं मुरूम येईपर्यंत चार वेळा वाचला. त्यानं लिहिलं होतं की या प्रकारच्या डेटाबेसमध्ये पुसलेली नोंद लगेच नाहीशी होत नाही. तिच्या जागेवर फक्त मोकळी अशी खूण होते, आणि नवं काही लिहिलं की ते त्या जागेवर बसतं. म्हणून आधी त्या फाइलची जशीच्या तशी प्रत काढा, मूळ फाइलला हात लावू नका. पुसलेल्या नोंदी शोधायचं एक छोटं साधन त्यानं जोडलं होतं. खाली एक ओळ होती: मुलांची नावं फोरमवर टाकू नका, ती फाइलही कुणाला पाठवू नका, तुम्हालाही नाही.

म्हणजे सगळं फोनवर करायचं. इकडं शिवांजली स्टुलावर, तिकडं केसरी आपल्या लॅपटॉपसमोर. पाच वाजता सुरू झालं. केसरीकडं पेनड्राइव्हवर अठरा दिवसांपूर्वीची एक प्रत होती, हे ऐकून शिवांजलीनं कागद पुढं ओढला. त्या प्रतीशी आजची यादी ताडून बघायची, आईचं नाव वेगळं असेल तर मूल वेगळं. या वेळी तिनं हुकूम लिहिला आणि पाठवायच्या आधी स्वतः खोटी यादी बनवून चालवला. तीन अंशिका, दोन आरव. मग केसरीला म्हणाली, आधी फक्त दाखवायला सांगा, काढायला किंवा घालायला नको. एकाहत्तर मुलं परत सापडली. चाळीस नोंदी खरोखरच दुबार निघाल्या.

उरले ते अठरा दिवसांतले. क्रमांकांच्या रांगेत सतरा फटी होत्या, आणि तिथं कोण होतं हे पेनड्राइव्हला माहीत नव्हतं. फर्नहिलचं साधन चालवलं तर पडद्यावर तुकडे आले. अर्धी नावं, तुटलेल्या तारखा, मध्येच निरर्थक चिन्हं. केसरी एकेक तुकडा वाचून दाखवायची, शिवांजली कागदावर लिहून जुळवायची, मग परत वाचून खात्री करायची. विरेश एकदा चहा ठेवून गेला, तो निवला. नागम्मा भिंतीला धरत येऊन दारात बसल्या. थेंबांमुळं त्यांना अजून नीट दिसत नव्हतं. लई माणसं हरवल्यात का, असं त्यांनी विचारलं. शिवांजली म्हणाली, लेकरं. नागम्मा मग तिथंच बसून राहिल्या.

आठ वाजेपर्यंत चौदा जुळले. उरलेल्या तिघांपैकी दोघांच्या आया केसरीला आठवल्या, एक तिच्याच शेजारची होती. शेवटचा तुकडा मात्र हटेना. नाव अंशिका नेगी, गाव तुटलेलं, आईच्या नावाची फक्त शेवटची अक्षरं, "मणी". केसरी म्हणाली, चंद्रमणी असेल, राजमणी असेल, देवमणी असेल. चार गावांत मिळून अशा दहाबारा बायका आहेत. तिनं दोघींना तिथल्या तिथं फोन लावून बघितले. त्यांच्या मुली यादीत होत्या.

"उद्या जे येतील त्यांना विचारेन," केसरी म्हणाली. तिचा आवाज थकला होता.

शिवांजलीनं माफी मागितली. दिवसभरात मागितली होती, पण आता परत.

"मला राग आहे," केसरी म्हणाली. "खोटं कशाला बोलू. तुम्ही खात्रीनं लिहिलं होतं म्हणून मी चालवलं." मग ती म्हणाली, "पण तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलंच नसतं. यादी स्वच्छ दिसत होती."

बुधवारी शिवांजली कॉलेजात गेली आणि दिवसभर तिचं कशात लक्ष लागेना. एका मुलाच्या दाखल्यावर तारीख चुकली, दुसऱ्याचा शिक्का उलटा पडला. दुपारी केसरीचा निरोप आला: निरोप गेले, बहुतेक सगळ्या आल्या. त्या एका मुलीचा पत्ता नाही. सफरचंदाच्या बागांत कामाला आलेल्या कुटुंबातली असेल तर हंगाम संपवून ते खाली गेलेही असतील. शोधते आहे.

तो शोध अजून संपलेला नाही. पहिल्या महिन्यात शिवांजली दर आठवड्याला विचारायची. केसरी उत्तर द्यायची, थोडक्यात. मग शिवांजलीच्या लक्षात आलं की आपल्या विचारण्यानं केसरीला प्रत्येक वेळी नाही म्हणावं लागतं, आणि तिनं विचारणं थांबवलं. मनात मात्र ते थांबलं नाही. भाकरी थापताना, दाखल्यांवर सह्या घेताना मध्येच तिचा हात थबकतो.

त्या उत्तराचं काय करायचं हा दुसरा प्रश्न होता. विरेशचं म्हणणं सरळ होतं. "काढून टाक की. कशाला लोकांपुढं ठेवतीस? तुझं नाव हाय त्याच्यावर."

"म्हणूनच," ती म्हणाली.

तिनं उत्तर काढलं नाही. केसरीला विचारून, नावगाव न सांगता, त्याच्या वरच्या बाजूला लिहिलं की हे उत्तर माझं आहे आणि चुकीचं आहे. यानं एका ठिकाणी एकशे अठ्ठावीस नोंदी गेल्या, त्यात अठ्ठ्याऐंशी लहान मुलं होती. दुबार काढण्याआधी प्रत काढा, आधी फक्त बघा, आणि दोन खऱ्या माणसांत काय काय सारखं असू शकतं ते स्वतःला विचारा. खाली बरोबर पद्धत लिहिली. पसंतीचा आकडा झरझर खाली घसरला. एकानं लिहिलं की ज्यांना येत नाही त्यांनी उत्तरं देऊ नयेत. तिनं ते वाचलं, उठली, दुकानात गेली, एका शेतकऱ्याला हरभऱ्याची पिशवी काढून दिली, परत आली आणि परत वाचलं.

पुढं दोन महिने तिनं कुणालाच उत्तर दिलं नाही. प्रश्न वाचायची, उत्तर मनात तयार व्हायचं, बोटं उचलायची आणि ठेवून द्यायची. घरातल्यांना वाटलं, बाई शांत झाली. नागम्मांना तसं वाटलं नाही. त्यांनी विरेशला सांगितलं की हिचे पाय आता हालत न्हाईत, मला ते बरं दिसंना.

डिसेंबरात एका रविवारी दुपारी फोरमवर सिस्टर_केचा नवा प्रश्न आला. पुढच्या डोसची तारीख आपोआप कशी काढायची. प्रश्न नीट होता, रकाने सगळे दिलेले, काय करून बघितलं तेही लिहिलेलं. शिवांजलीला उत्तर येत होतं. ती तसाच पडदा बघत बसली. पंधरा मिनिटांनी दुसऱ्या कुणीतरी उत्तर दिलं, कुणी नवखं, खात्यात जेमतेम पाच उत्तरं असलेलं. ते तिनं वाचलं. मग उठली नाही. स्टुलावर बसून तिनं खोटी यादी बनवली, महिन्याच्या अखेरीच्या तारखा घातल्या, लीप वर्षाचा फेब्रुवारी घातला आणि ते उत्तर चालवून बघितलं. फेब्रुवारीत एका दिवसाची चूक येत होती.

तिनं उत्तराखाली लिहिलं की उत्तर चांगलं आहे, पण एकोणतीस फेब्रुवारीला जन्मलेल्या मुलाची तारीख एक दिवस पुढं जाते, अमुक ओळ बदलली तर बरोबर येईल, मी चालवून बघितलं आहे. पाठवायच्या आधी परत एकदा चालवलं. मग अजून एकदा.

पाठवल्यावर त्या नवख्यानं ओळ बदलली आणि आभार मानले. केसरीनं उत्तराला हिरवी खूण केली. दुकानातून विरेशनं हाक मारली. आले, असं म्हणून शिवांजलीनं खालचा पुढचा प्रश्न उघडला.